'द क्रू' : खुल्या रस्त्यांवरील शर्यतीच्या खेळाचे गुण आणि दोष

जबलपूरहून त्याच जिल्ह्यातील पाटन या तहसिलीच्या गावी मोटारीने जाण्यास साधारणतः पाऊण ते एक तास लागतो. जवळपास तेवढ्याच वेळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूयॉर्कहून निघून पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस गाठता येते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास बसणार नाही. मात्र 'द क्रू' या व्हिडिओ गेमने डिसेंबर २०१४ मध्ये ते पडद्यावर शक्य करून दाखवले होते. अमेरिकेचा मुख्य भूभाग लहान प्रमाणात आखून, त्यातील शहरे, वाळवंटे, पर्वत आणि महामार्ग एकाच सलग नकाशात बसवण्याचा हा प्रयोग होता. या नकाशात कोठेही जाण्याची मुभा खेळाडूला होती.

हा प्रदेश सुमारे नऊ वर्षे चार महिने टिकला. ३१ मार्च २०२४ रोजी खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पैसे मोजून हा खेळ विकत घेतला होता, त्यांनाही त्यातील एका रस्त्यावरून गाडी चालवणे अशक्य झाले. त्यामुळे 'द क्रू'च्या गुणदोषांची चर्चा एका खेळापुरती राहिली नाही. विकत घेतलेल्या डिजिटल वस्तूवर ग्राहकाचा हक्क किती, हा प्रश्न तिने जगापुढे ठेवला.

दृष्टिक्षेपात 'द क्रू'

प्रकार : खुल्या जगातील आर्केड पद्धतीची मोटार शर्यत
निर्मिती : आयव्हरी टॉवर (लिऑन, फ्रान्स), सहकार्य युबीसॉफ्ट रिफ्लेक्शन्स (न्यूकॅसल, इंग्लंड)
प्रकाशक : युबीसॉफ्ट
पहिली घोषणा : जून २०१३
विक्रीस उपलब्ध : २ डिसेंबर २०१४ (वैयक्तिक संगणक, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, एक्सबॉक्स ३६०)
विक्री बंद : १४ डिसेंबर २०२३
सर्व्हर बंद : ३१ मार्च २०२४

आर्केड म्हणजे काय?

मोटार शर्यतीच्या खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात टायरची झीज, इंजिनाचे तापमान, रस्त्याचा ओलावा अशा बाबींचा काटेकोर हिशेब ठेवलेला असतो. अशा खेळात वळणावर ब्रेक दाबण्यास क्षणाचा विलंब झाला तरी गाडी रस्त्याबाहेर जाते. दुसरा प्रकार आर्केडचा. त्यात वास्तवापेक्षा वेगाचा आनंद महत्त्वाचा असतो. गाडी भिंतीला घासून पुन्हा धावू लागते आणि नवशिक्यालाही काही मिनिटांत सूर सापडतो.

आर्केड हे नाव नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरून आले. १९८२ मधील 'पोल पोझिशन' आणि १९८६ मधील 'आउट रन' हे या परंपरेतील गाजलेले खेळ होत. महाराष्ट्रातील शहरांत व्हिडिओ गेम पार्लरांनी ही यंत्रे अनेकांच्या परिचयाची केली. पुढे संगणक आणि सायबर कॅफे आले, तेव्हा 'रोड रॅश' आणि 'नीड फॉर स्पीड' या खेळांनी एका संपूर्ण पिढीच्या सुट्ट्या व्यापल्या.

या सर्व खेळांत रस्ता ठरलेला असे. खुल्या जगाच्या खेळात ही चौकट मोडली जाते. खेळाडू शहरात वा प्रदेशात मोकळेपणी फिरतो, वाटेत दिसणारी शर्यत हवी तर स्वीकारतो, नको तर पुढे जातो. १९९९ च्या 'मिडटाउन मॅडनेस'मध्ये शिकागो शहर असे मोकळे मिळाले होते. २००६ मध्ये 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड'ने हवाईतील ओआहू बेटाचे रस्ते खेळाडूंना खुले केले. २००८ मध्ये 'बर्नआउट पॅराडाइज' आणि २०१२ मध्ये 'फोर्झा होरायझन' यांनी हा प्रकार अधिक रुजवला.

'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड'ची निर्मिती लिऑन येथील ईडन गेम्स या संस्थेची. त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००७ मध्ये त्याच शहरात आयव्हरी टॉवर स्थापन केली. एका बेटावर जे साधले ते संपूर्ण देशाच्या नकाशावर साधावे, ही 'द क्रू'मागील कल्पना होती.

पहिला गुण : सलग भूप्रदेश

'द क्रू'चे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे त्याचा नकाशा. मध्य-पश्चिम, पूर्व किनारा, दक्षिण, पर्वतीय राज्ये आणि पश्चिम किनारा अशा पाच विभागांत तो विभागलेला होता. डेट्रॉइट, शिकागो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, मायामी, न्यू ऑर्लिन्स, लास व्हेगास, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल अशी शहरे त्यात होती. त्यांच्या मधल्या जागेत शेते, दलदली, बर्फाच्छादित घाट आणि मीठाची पठारेही होती.

या विभागांच्या सीमेवर खेळ थांबत नसे. एरवी अशा खेळांत नवा प्रदेश सुरू होण्यापूर्वी पडदा काळा होतो आणि प्रतीक्षेची सूचना झळकते. येथे मात्र शहराच्या गल्लीतून महामार्गावर, महामार्गावरून कच्च्या रस्त्यावर आणि तेथून थेट शेतात गाडी घालता येई. न थांबता वेगाने गेल्यास एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा प्रवास सुमारे पाऊण तासाचा होता. नकाशा उघडला की दृष्टी आकाशात उंच जाई, संपूर्ण देश दिसे, आणि तेथूनच हव्या त्या गावाच्या रस्त्यापर्यंत खाली उतरता येई.

प्रत्यक्ष अंतरांशी या नकाशाचा अर्थातच मेळ नव्हता. शहरांतील मोजक्या खुणेच्या इमारती आणि ओळखीचे पूल तेवढे घेतलेले होते. तथापि, बदलत जाणारा भूगोल डोळ्यांना जाणवत राही. हिरवी झाडी विरळ होत जाऊन माती तांबूस होणे, सपाटी संपून घाट लागणे, सकाळ सरून रात्र पडणे, हे सर्व गाडी चालवतानाच घडत असे. कोणतीही शर्यत न लावता केवळ भटकण्यासाठी हा खेळ उघडणारे खेळाडू बरेच होते. मोटार शर्यतीच्या खेळाने प्रवासाचा आनंद द्यावा, ही त्याची खरी कामगिरी मानावी लागेल.

दुसरा गुण : वाटेवरची सोबत

नावाप्रमाणे हा खेळ चमूचा होता. चार खेळाडू एकत्र येऊन चमू बनवू शकत आणि कथेतील मोहिमाही सोबतीने पार पाडू शकत. स्पर्धात्मक शर्यतीत आठ जणांपर्यंत सहभाग घेता येई. रस्त्यावर दिसणाऱ्या काही गाड्या संगणकाने चालवलेल्या, तर काही दुसऱ्या शहरात वा दुसऱ्या देशात बसलेल्या माणसांनी चालवलेल्या असत.

मोकळ्या रस्त्यावरही करण्यासारखे पुष्कळ होते. ठरावीक अंतरावर लहान लहान आव्हाने मांडलेली असत : एखादी उडी, खांबांमधून नागमोडी गाडी काढणे, ठरलेला वेग टिकवणे. यश मिळाले की कांस्य, रौप्य किंवा सुवर्णपदक आणि गाडीसाठी सुटा भाग मिळे. एकाच गाडीला शहरी रस्त्यांसाठी, मातीच्या वाटांसाठी, रानावनासाठी किंवा बंदिस्त शर्यतमार्गासाठी वेगवेगळ्या रूपांत सजवता येई. जुन्या गाड्यांचे विखुरलेले अवशेष शोधून त्यांतून नवी गाडी उभी करण्याची सोयही होती. लांब पल्ल्याचा प्रवास कंटाळवाणा होऊ नये, याची निर्मात्यांनी घेतलेली ही काळजी होती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या 'वाइल्ड रन' या पुरवणीने चित्रांचा दर्जा सुधारला आणि मोटारसायकली आणल्या. वर्षभराने, नोव्हेंबर २०१६ मध्ये, 'कॉलिंग ऑल युनिट्स' या पुरवणीत खेळाडूला पोलिसांच्या बाजूने गाडी चालवण्याची संधी मिळाली. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकाशकाच्या तिसाव्या वर्धापनानिमित्त संगणकावरील आवृत्ती काही काळ विनामूल्य देण्यात आली होती. खेळाडूंची एकूण संख्या पुढे एक कोटीच्या वर गेली.

दोष : कथा, हाताळणी आणि पैसा

समीक्षकांनी मात्र या खेळाचे स्वागत हातचे राखून केले. नकाशाची प्रशंसा जवळजवळ एकमुखाने झाली. त्यावर रचलेल्या खेळाविषयी तक्रारी होत्या.

पहिली तक्रार कथेची. अ‍ॅलेक्स टेलर हा नायक आपल्या भावाच्या खुनाचा छडा लावण्यासाठी मोटारस्वारांच्या गुन्हेगारी टोळीत शिरतो आणि त्या पायऱ्या चढत देशभर फिरतो, असे कथासूत्र होते. भ्रष्ट तपास अधिकारी, खोटा आरोप आणि सूड हा मसाला हिंदी चित्रपट पाहणाऱ्यांना नवा नव्हता. अडचण अशी, की मोकळ्या प्रवासाचा उल्हास आणि सूडकथेचा करडा सूर यांचा मेळ बसला नाही. ज्या खेळाडूला पुढील वळणापलीकडे काय आहे हे पाहायचे होते, त्याला वारंवार थांबवून संवाद ऐकवले जात.

दुसरी तक्रार हाताळणीची. आर्केड पद्धतीत गाडी वास्तवाप्रमाणे वागावी, अशी अपेक्षा नसते. पण ती चालकाच्या मनाप्रमाणे वागावी, ही अपेक्षा असते. 'द क्रू'मधील गाड्या अनेकांना रस्त्यावर तरंगल्यासारख्या वाटल्या. संगणकाने चालवलेले प्रतिस्पर्धी कितीही मागे टाकले तरी अखेरच्या टप्प्यात अचानक जवळ येत. शर्यत चुरशीची राहावी म्हणून असे योजले जाते. परंतु मेहनतीने मिळवलेली आघाडी अशी गळून गेली की खेळाडूला फसवणूक झाल्यासारखे वाटते. समोरची गाडी धडका देऊन निकामी करावयाच्या मोहिमांत हा दोष विशेष खुपत असे.

तिसरी तक्रार पैशाची. खेळाची पूर्ण किंमत घेतल्यानंतरही त्यात खऱ्या पैशाने विकत घेण्याचे वेगळे चलन ठेवलेले होते आणि त्या चलनात गाड्या मिळत. शर्यती जिंकूनही त्या गाड्या घेता येत. पण त्यासाठी लागणारा वेळ पाहता पाकीट उघडण्याचा मोह व्हावा, अशीच रचना होती, असा आक्षेप घेतला गेला.

खेळ विक्रीस येण्यापूर्वी त्याची परीक्षणे प्रसिद्ध होऊ शकली नाहीत, हाही चर्चेचा विषय ठरला होता. सर्व्हरवर पुरेसे खेळाडू असल्याशिवाय खेळाचे योग्य मूल्यमापन होणार नाही, अशी प्रकाशकाची भूमिका होती. हे स्पष्टीकरण तर्कसंगत होते. मात्र पुढे जे घडले त्याची चाहूलही त्यात होती.

सर्वांत मोठा दोष

'द क्रू' खेळण्यासाठी इंटरनेट जोडणी अनिवार्य होती. एकट्याने कथा पुढे न्यायची असो वा नुसते भटकायचे असो, प्रकाशकाच्या सर्व्हरशी संपर्क असल्याशिवाय खेळ सुरूच होत नसे. संपर्क तुटला की चालू शर्यतही तुटे.

विकसित देशांतील शहरांत ही अट फारशी बोचली नसेल. भारतात परिस्थिती वेगळी होती. २०१४ साली भारतीय दूरसंचार नियामकांच्या व्याख्येनुसार प्रतिसेकंद ५१२ किलोबिट वेगाची जोडणीदेखील 'ब्रॉडबँड' म्हणवली जाई. संगणकावरील हा खेळ अठरा ते वीस गिगाबाइटचा होता. त्या वेगाने तो उतरवून घेण्यास अखंड साडेतीन दिवस लागले असते. तबकडी विकत आणल्यास ही प्रतीक्षा टळे, पण खेळताना जोडणी लागतच असे. स्वस्त आणि वेगवान मोबाइल इंटरनेटचा प्रसार २०१६ च्या उत्तरार्धानंतर झाला. तोपर्यंत पाटनसारख्या तहसिलीच्या गावी राहणाऱ्या खेळाडूला या खेळाची जाहिरात पाहता येत होती. खेळ सुरळीत चालेल याची शाश्वती नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा दोष वरील गुणांपासून वेगळा काढता येत नाही. रस्त्यावर इतर माणसे भेटावीत, चमूची मोहीम मध्येच सुरू करता यावी, यासाठी सर्व्हर हवाच होता. मात्र सोबत हवी असेल तेव्हा सर्व्हर लागणे वेगळे आणि एकट्यानेही त्याविना इंजिन सुरू न होणे वेगळे. निर्मात्यांनी दुसरा मार्ग निवडला. त्यामुळे खेळाचे आयुष्य खेळाडूच्या इच्छेवर न राहता प्रकाशकाच्या ताळेबंदावर अवलंबून राहिले.

३१ मार्च २०२४

१४ डिसेंबर २०२३ रोजी 'द क्रू'ची विक्री थांबवण्यात आली आणि ३१ मार्च २०२४ ही सर्व्हर बंद करण्याची तारीख जाहीर झाली. सर्व्हरच्या पायाभूत व्यवस्थेतील आणि परवान्यांतील मर्यादा, असे कारण प्रकाशकाने दिले. खेळात खऱ्या कंपन्यांच्या मोटारी असल्या की त्यांची नावे आणि आकार वापरण्याचे करार ठरावीक मुदतीचे असतात. हे करार संपल्यावर शर्यतीचे अनेक खेळ दुकानांतून काढले जातात. फरक एवढाच की इतर खेळ विक्रीतून गेले तरी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे चालू राहतात. 'द क्रू' कोणाकडेच चालू राहिला नाही.

नुकताच खेळ विकत घेतलेल्या ग्राहकांना काही अटींवर परतावा देण्यात आला. पूर्वीच्या ग्राहकांच्या हाती काही राहिले नाही. एप्रिल २०२४ मध्ये अनेकांच्या खात्यातून या खेळाचा परवानाही काढून घेतला गेल्याचे निदर्शनास आले. ज्यांच्याकडे तबकडी होती, त्यांची तबकडी शाबूत होती. तिच्यावरील खेळ मात्र सुरू होत नव्हता.

या घटनेनंतर रॉस स्कॉट या यूट्यूब सादरकर्त्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. विकलेला खेळ प्रकाशकाने जरूर बंद करावा, परंतु तो बंद करताना ग्राहकाकडे चालण्याजोग्या अवस्थेत सोडावा, ही तिची मागणी. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे मोहिमेचे म्हणणे नव्हते.

युरोपीय महासंघात नागरिकांना कायद्याचा प्रस्ताव मांडण्यासाठी किमान सात देशांतून दहा लाख स्वाक्षऱ्या जमवाव्या लागतात. या मोहिमेचा अर्ज ३१ जुलै २०२५ रोजी मुदत संपली तेव्हा चौदा लाखांच्या पुढे गेला होता. ब्रिटनमध्ये याच विषयावरील याचिकेने एक लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील संसदेत त्यावर चर्चा झाली.

विकत घेतले म्हणजे काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन खेळाडूंनी प्रकाशकाविरुद्ध दावा दाखल केला. आपण वस्तू विकत घेत आहोत अशी समजूत करून देऊन प्रत्यक्षात मर्यादित काळाचा परवाना विकला, असा त्यांचा आरोप होता. ग्राहकांना अमर्याद मालकी कधीच दिलेली नव्हती, त्यांना खेळ वापरण्याचा परवाना मिळाला होता, अशी भूमिका कंपनीने घेतली.

कॅलिफोर्नियातच सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा मंजूर होऊन १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर 'विकत घ्या' असे म्हणण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगणे त्या कायद्याने बंधनकारक केले. खेळ बंद करण्यास हा कायदा मनाई करत नाही. ग्राहकाला आधी जाणीव करून देतो.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू झाल्यानंतर जुलै २०२० मध्ये ई-वाणिज्य नियम अधिसूचित झाले. डिजिटल उत्पादनांची ऑनलाइन विक्री या नियमांच्या कक्षेत येते. तथापि, पूर्ण किंमत घेऊन विकलेला खेळ काही वर्षांनी निरुपयोगी झाला तर काय, याविषयी त्यांत स्वतंत्र तरतूद नाही. हा प्रश्न परदेशी खेळाडूंपुरता नाही. चित्रपट, पुस्तके, संगीत आणि संगणक प्रणाली यांची खरेदी भारतातही याच पद्धतीने होऊ लागली आहे.

उद्योगाची बाजू

व्हिडिओ गेम उद्योगाची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. सर्व्हर चालवण्यास खर्च येतो आणि खेळाडू घटत गेले की तो परवडत नाही. खेळाडूंनी स्वतःचे सर्व्हर चालवल्यास वैयक्तिक माहितीचे संरक्षण, बेकायदा मजकूर काढणे आणि सुरक्षितता यांची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न 'व्हिडिओ गेम्स युरोप' या उद्योग संघटनेने २०२५ मध्ये उपस्थित केला. अनेक खेळ मुळातच ऑनलाइन सेवा म्हणून रचलेले असतात. त्यांना जोडणीविना चालवण्याची सक्ती केल्यास नवे खेळ बनवणे महाग होईल, असाही या संघटनेचा युक्तिवाद होता.

हे युक्तिवाद बऱ्याच खेळांना लागू पडतात. 'द क्रू'पुरते पाहिल्यास मात्र पुढील घटनांनी त्यांची धार बोथट केली. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रकाशकाने स्वतःच जाहीर केले, की या मालिकेतील पुढील दोन खेळ, जून २०१८ मधील 'द क्रू २' आणि सप्टेंबर २०२३ मधील 'द क्रू मोटरफेस्ट', जोडणीविना चालतील अशी सोय केली जाईल. त्यानुसार 'द क्रू २' ऑक्टोबर २०२५ मध्ये जोडणीविना खेळता येऊ लागला. मूळ खेळाचाही काही अंशी पुनर्जन्म झाला. हौशी तंत्रज्ञांच्या एका गटाने त्याच्या सर्व्हरची कार्यपद्धती अभ्यासून पर्यायी व्यवस्था तयार केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती 'द क्रू अनलिमिटेड' या नावाने खुली केली. ज्यांच्याकडे संगणकावरील खेळाच्या फाइली उरल्या होत्या, त्यांना पुन्हा त्या रस्त्यांवर जाता आले. या प्रयत्नाला प्रकाशकाची अधिकृत मान्यता नव्हती. पण हा खेळ सर्व्हरविना चालूच शकत नाही, हे गृहीत मात्र त्याने खोटे ठरवले.

जतनाचा प्रश्न

जुन्या खेळांचे काय होते, याचा अभ्यास अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात सहज मिळत नाहीत, असे त्यात आढळले. हे खेळ निदान कोणाच्या तरी कपाटात तबकडीच्या रूपाने आहेत. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या खेळांना तेवढाही आधार नसतो.

भारतीय वाचकांना ही हानी अपरिचित नाही. १९३१ चा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आज कोठेही उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच उरला आहे. ज्या काळात हे चित्रपट नाहीसे झाले, त्या काळात ते जपण्याजोगे आहेत असे फारसे कोणाला वाटले नव्हते. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांच्या युगाचा मोठा भाग हातातून निसटला होता. व्हिडिओ गेम हे माध्यम आता त्याच वयात आहे. युबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून त्याच पुण्यात उभा आहे. खेळ बनवण्याचे काम महाराष्ट्रात होत असेल, तर ते जपण्याचा विचारही येथे व्हावयास हवा.

निष्कर्ष

खेळ म्हणून 'द क्रू' थोर नव्हता. कथा सामान्य, हाताळणी ढिली आणि पैसे मागण्याची वृत्ती त्रासदायक होती. तरीही एका बैठकीत खंड पार करण्याचा अनुभव त्याने दिला आणि त्या अनुभवासाठी लोक वर्षानुवर्षे त्याच्याकडे परतत राहिले. हे दोष खेळाडूंनी सहन केले, कारण रस्ता चांगला होता.

ज्या दोषाकडे २०१४ साली अनेकांनी किरकोळ गैरसोय म्हणून पाहिले, त्यानेच अखेर सर्व गुण गिळले. त्यामुळे या प्रकारचा नवा खेळ घेताना चित्रे किती सुंदर, नकाशा किती मोठा आणि गाड्या किती, याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे : इंटरनेट जोडणी नसताना हा खेळ सुरू होतो का? खेळाच्या वेष्टनावर किंवा विक्रीच्या पानावर याचे उत्तर बहुधा लहान अक्षरांत दिलेले असते. खरेदीपूर्वी ते वाचणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

जबलपूरहून पाटनला जाणारा रस्ता खड्ड्यांचा असो वा गुळगुळीत, तो कोणा कंपनीच्या ताळेबंदावरून एका रात्रीत नाहीसा होत नाही. पैसे मोजून घेतलेल्या पडद्यावरील रस्त्याबद्दलही तेवढी खात्री असावी, एवढीच 'द क्रू'च्या खेळाडूंची अपेक्षा होती.